ठसा गुन्हेगाराचा, नोंद श्रमिकाची

गुन्ह्याच्या जागी उमटलेल्या बोटाच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, हे शास्त्र टाकाऊ आहे असे कोणताही विचारी समाजवादी म्हणणार नाही. मारहाणीतून वदवून घेतलेल्या कबुलीपेक्षा काचेवरचा ठसा केव्हाही बरा. वाद ठशाशी नाही. ज्यांच्यावर कोणताही अपराध शाबीत झालेला नाही, त्यांचे ठसे राज्यसंस्थेने कशासाठी आणि किती काळ साठवावेत, हा खरा वाद आहे.

या शास्त्राचा इतिहास निर्मळ नाही. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला, तो गुन्हा शोधण्यासाठी नव्हे. उद्या त्याने करार नाकारू नये म्हणून. पुढे कलकत्त्यात ठशांच्या वर्गीकरणाची किचकट पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बुद्धी झिजवली. जगभर नाव झाले ते त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर नोंद झालेल्या जमातीतील कोणाचेही ठसे घेण्याची मुभा पोलिसांना दिली. अपराध कोणता? अमुक जमातीत जन्म झाला, हाच. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पारध्यांच्या पालावरचा संशय आजही उठलेला नाही. ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांवर अशाच नोंदणीची सक्ती येऊ घातली, तेव्हा १९०६ साली गांधीजींनी जोहान्सबर्गमध्ये प्रतिकाराची शपथ घेतली. विरोध शाईला नव्हता, सक्तीला होता.

१९२०च्या कायद्याने, दोष शाबीत होण्यापूर्वी पोलिसांनी ठसे घ्यायचे ते मुख्यतः एक वर्ष वा अधिक सक्तमजुरीच्या गुन्ह्यात अटक झालेल्यांचे. २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ही मर्यादाच पुसली. आता कोणत्याही कायद्याखालील गुन्ह्यात अटक पुरते, आणि ही नोंद पंचाहत्तर वर्षे जपली जाते. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसण्याची तरतूद आहे. पण पूर्वी शिक्षा झालेली नसावी, अपिलाचे सारे मार्ग संपलेले असावेत, आणि तरीही दंडाधिकारी कारणे नोंदवून ती राखून ठेवू शकतात.

याचा अर्थ सांगवीत समजून घ्यावा. तेथे खोली भाड्याने घेऊन भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारा तरुण फाटकासमोर धरणे धरतो. बेकायदा जमावाचा गुन्हा दाखल होतो, अटक होते, दहाही बोटे यंत्रावर टेकवली जातात. खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो. कंत्राट संपते, खोली बदलते, गाव बदलते. बोटे मात्र साठ्यातच राहतात. मालकाच्या करचुकवेगिरीचा ठसा कोठे घेतला जातो?

‘निरपराध्याला भीती कसली?’ असे विचारले जाते. २००४ साली माद्रिदमधील बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरील ठसा अमेरिकेतील एका वकिलाचा असल्याचे तेथील एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले. सुमारे दोन आठवडे तो कोठडीत होता. मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले, आणि एफबीआयला माफी मागावी लागली. लक्षावधी ठशांच्या साठ्यात यंत्राने शोध घेतला की विलक्षण साम्य असलेला परका ठसा हाती लागण्याचा संभव वाढतो. हे त्या प्रकरणाच्या सरकारी चौकशीतूनच पुढे आले. म्हणजे निरपराध्यांची भर घालून साठा फुगवणे हे न्यायालाही घातक आहे. त्या वकिलाला नुकसानभरपाई मिळाली. सांगवीच्या कामगाराला ती कोण देणार?

ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली काथी कालू ओघड खटल्यात दिला. परंतु २०१७ साली त्याच न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. या हक्काच्या आधारे लढा उभारणे हे पक्षाच्या कार्यकर्त्यांचे आणि कामगार संघटनांचे कर्तव्य आहे. किरकोळ गुन्ह्यांत ठसे नकोत. सुटका होताच नोंद आपोआप नष्ट व्हावी आणि त्याचा लेखी दाखला मिळावा. ठसा जुळल्याचा निष्कर्ष स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा खर्च गरीब आरोपीसाठी सरकारने सोसावा. संप केला म्हणून आयुष्यभराचा संशयित ठरवणारी नोंद कामगाराने निमूटपणे सोसू नये.