‘कास्ट नको, क्लास बघा’ : पण कोणता क्लास?

साताऱ्या-सांगलीत ‘क्लास’ म्हटलं की स्पर्धा परीक्षेचा क्लास आठवतो. ‘क्लास वन’ म्हणजे अधिकारी. ‘सरांनी क्लास घेतला’ म्हणजे झापलं. हे अर्थ निरुपद्रवी आहेत. घोळ होतो तो आरक्षणाच्या चर्चेत. ‘आता कास्ट नको, क्लास बघा’ म्हणणाऱ्याला क्लास म्हणजे फक्त उत्पन्न अभिप्रेत असतं.

संविधानातला क्लास तो नव्हे. अनुच्छेद १६(४) नागरिकांच्या ‘मागास वर्गा’बद्दल बोलतो. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेला १५(४) ‘सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग’ म्हणतो. ‘आर्थिक’ हा शब्द तिथे नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने जात हाही सामाजिक वर्ग असू शकतो हे मान्य केलं आणि निव्वळ आर्थिक निकषावरचं १० टक्के आरक्षण रद्द केलं.

बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जात म्हणजे दारं बंद करून घेतलेला वर्ग, अशी मांडणी केली होती. रामजी सुभेदारांना पेन्शन होती, नोकरी होती. तरी साताऱ्याच्या शाळेत भीमाला वेगळ्या गोणपाटावर बसावं लागलं. उत्पन्नाने ते गोणपाट हटलं नाही.

तो शाळाप्रवेश ७ नोव्हेंबर १९०० चा. आज आपण तो विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो. २०२२ मध्ये त्याच ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ईडब्ल्यूएस आरक्षण ३ विरुद्ध २ मतांनी वैध ठरवलं. २०१९ च्या १०३ व्या दुरुस्तीची मेख एका शब्दात आहे: १५(४) आणि (५) मधले ‘क्लासेस’ वगळून इतर दुर्बल घटक. म्हणजे अनुसूचित जातीतला बौद्ध विद्यार्थी कितीही गरीब असला, तरी त्या १० टक्क्यांत बसत नाही. सवलत देताना क्लास म्हणजे पैसा, वगळताना मात्र क्लास म्हणजे जात!

१ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालानंतर क्रीमीलेयरची चर्चा आपल्यापर्यंत आली आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. मागे राहिलेल्या जातींचा वाटा हा उपवर्गीकरणाचा प्रश्न. त्यावर भावंडांसारखं बसून बोलू. कुटुंबाच्या उत्पन्नावरून हक्क काढून घेणं हा क्रीमीलेयरचा.

आपल्यातही आर्थिक वर्ग तयार झालेत, हे नाकारून चालणार नाही. त्यावर शिष्यवृत्ती, वसतिगृहं, फी-माफी हे उपाय मागूया. पण पुढच्या वेळी कुणी ‘क्लास बघा’ म्हणालं, तर आधी विचारा: कोणता? खिशातला की संविधानातला?

जय भीम!