वेणीचा पाव आणि गव्हाचे पथ्य

ज्यू घरांत शुक्रवारी सूर्यास्तानंतर शब्बाथचे जेवण होते. त्या जेवणात आणि बहुतेक सणांच्या जेवणात दोन पाव मांडलेले असतात. इजिप्तमधून सुटलेल्या पूर्वजांना रानात भटकताना दर शुक्रवारी दुप्पट अन्न मिळत असे, त्याची ही आठवण. मैद्यात अंडी, तेल आणि थोडे गोड घालून पीठ मळायचे आणि त्याची तीन किंवा सहा पेडांची वेणी घालून भाजायची. हिचे नाव 'हल्ला'. आपल्या कानाला ते मारामारीचे वाटेल, पण पदार्थ मोठा मऊ आणि देखणा असतो. नववर्षाला, म्हणजे रोश हाशानाला, तो गोल वळतात आणि मधाबरोबर खातात.

आता ज्या घरात सीलिएकचा रोगी आहे तिथे काय करावे? या रोगात गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्नरस शोषला जात नाही. जुलाब, पोटफुगी, न हटणारा पंडुरोग, मुलांची खुंटलेली वाढ अशी त्याची रूपे. जगात साधारण १०० माणसांमागे एकाला हा रोग असतो. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात गव्हाकडे बोट दाखवले, तेव्हापासून उपचार एकच आहे : जन्मभर पथ्य.

आणि नेमके हे पथ्य सणाला मोडते. "आजच्या दिवस एक घास घे, काही होत नाही," असे म्हणणारे वडीलधारे सर्व धर्मांत असतात. माझे स्पष्ट मत आहे की हा आग्रह प्रेमाचा असला तरी घातक आहे. एका घासाने त्या दिवशी पोट दुखले नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही, असे मुळीच नव्हे. आजारी माणसाने स्वतःला अपाय करून विधी पाळावा असे ज्यू धर्मशास्त्रही सांगत नाही. जीव वाचवण्यापुढे तिथे जवळजवळ सगळे नियम बाजूला ठेवतात.

तरी अडचण खरी आहे. पावावरचा आशीर्वाद ठराविक पाच धान्यांच्या पावावरच म्हणतात. त्यांपैकी गहू, स्पेल्ट (गव्हाचाच जुना भाऊ), जव आणि राय या चारांत ग्लुटेन आहे. तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या पिठाचा पाव कितीही छान झाला तरी त्यावर तो आशीर्वाद चालत नाही. पाचवे धान्य बहुतेक रब्बी ओट मानतात, म्हणून अशा घरांत ओटचाच पाव करतात. मात्र ओट गव्हाशेजारी पिकतो आणि त्याच गिरणीत दळला जातो, त्यामुळे ग्लुटेनमुक्त असे लिहिलेलाच घ्यावा लागतो. थोड्या रोग्यांना शुद्ध ओटही सोसत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

वेणी कशी घालायची, हा पुढचा प्रश्न. पुरणपोळीची कणीक तिंबून तिंबून तार सुटेपर्यंत मळणाऱ्या आपल्या गृहिणींना ग्लुटेनची करामत वेगळी सांगायला नको. ओटच्या पिठाला ती तार नाही. ते भज्यांच्या पिठासारखे पसरते. म्हणून त्यात इसबगोलाचा भुसा भिजवून घालतात. तो चिकट होऊन पीठ धरून ठेवतो. हाच इसबगोल आपल्याकडे बद्धकोष्ठावर घेतात आणि जगाला तो मुख्यतः गुजरात-राजस्थानातून जातो. तरीही वेणी नीट येत नाही असे दिसले तर वेणीच्या आकाराच्या साच्यात पीठ ओतून सरळ भाजावे. वेणी हा रिवाज आहे, तिच्यासाठी जीव टांगणीला लावू नये. तयार मिश्रण विकत घेताना दुधाची पावडर आहे का तेही पाहतात, कारण मांसाच्या जेवणाबरोबर दुधाचा पदार्थ ज्यूंना वर्ज्य आहे.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचा मलिदा या बाबतीत सुखी आहे. पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे! एलियाहू हन्नबीच्या नावाने होणाऱ्या या प्रसादात गव्हाचा कण नसतो.

पावापेक्षाही मला धास्ती वाटते ती सुरीची. गव्हाचा पाव कापलेल्या सुरीने, त्याच पाटावर ओटचा पाव कापला की सगळी मेहनत वाया. त्यापेक्षा त्या दिवशी सगळ्या घरानेच ओटचा पाव खावा. निरोग्यांना एका जेवणात काही तोटा नाही, आणि पोराला वेगळ्या ताटलीचे दुःख नाही. आपल्याकडेही तीच गत : गव्हानंतर त्याच चक्कीवर दळलेली ज्वारी, गहू घातलेली थालीपिठाची भाजणी आणि मैदा मिसळलेला डबीतला हिंग.

ज्यांना हा रोग नाही त्यांनी फॅशन म्हणून गहू सोडण्याचे कारण नाही. पिष्टाच्या तयार ग्लुटेनमुक्त पावाने मधुमेह्याची साखर भराभर वाढते. शंका असेल तर आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि ती होईपर्यंत गहू चालूच ठेवावा, नाहीतर रोग असूनही तपासणीत सापडत नाही. रोग्याच्या आईवडिलांनी व भावंडांनीही ही तपासणी करावी. त्रास नसला तरी.