'वाट चुकलेला' बिबट्या

बिबट्या मानवी वस्तीत 'घुसतो', भक्ष्याच्या शोधात 'वाट चुकतो', मग 'जेरबंद' होतो आणि अखेर त्याला 'नैसर्गिक अधिवासात सुखरूप सोडले' जाते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या भागांतून येणाऱ्या बातम्यांची वाक्यरचना अशी ठरून गेलेली आहे. भाषेच्या अभ्यासकांनी या क्रियापदांपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. घुसणे, चुकणे आणि सोडणे या तिन्ही क्रियांमागे एक नकाशा गृहीत धरलेला आहे : गाव माणसाचे, जंगल जनावराचे आणि मधे एक स्पष्ट रेघ. ऊसपट्ट्यात हा नकाशा खरा नाही. त्यावर विसंबून घेतलेल्या निर्णयांची किंमत मात्र खऱ्या माणसांनी मोजली आहे.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी आणि कालव्यांनी जुन्नर परिसराचे रूप पालटले. जिराईत माळ बागायती झाले, ऊस वर्षभर उभा राहू लागला. बिबट्याच्या दृष्टीने उसाचे रान म्हणजे दाट आडोसा आणि जवळ पाणी. वस्तीवर कुत्री, डुकरे, शेळ्या आहेतच. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्ले सापडतात हे तिथल्या शेतकऱ्याला नवीन नाही. अशी पिल्ले वनखात्याचे कर्मचारी त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन ती घेऊन जाते. ज्याचा जन्म फडात झाला, ज्याच्या आईचाही कदाचित तिथेच झाला असेल, त्याची 'वाट' कोणती आणि तो ती 'चुकला' असे आपण कशावरून म्हणतो?

हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पिंजऱ्यात पकडून दूरच्या वनक्षेत्रांत सोडण्यात आले. हेतू चांगलाच होता : माणसेही वाचावीत आणि जनावरही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या प्रयोगाचा अभ्यास केला. त्यापूर्वीच्या वर्षांत माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी सुमारे ४ होती; स्थलांतराच्या काळात ती सुमारे १७ वर गेली आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. बिबटे जिथे सोडले त्या जंगलांच्या आसपासही हल्ले झाले. म्हणजे एका तालुक्याचे भय उचलून दुसऱ्याच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवले गेले, आणि पहिल्याचेही कमी झाले नाही.

असे का व्हावे, हे मराठी वाचकाला परके वाटू नये. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळ्यांची कादंबरी आपण शिकवतो. प्राण्याचा प्रदेश म्हणजे हद्दी, झुंजी आणि वारसा यांनी बांधलेली व्यवस्था असते, हे तिच्या वाचकाला सांगावे लागत नाही. बिबट्या एकटा वावरणारा असला तरी त्यालाही हद्द असते. एकाला उचलले की रिकामी जागा दुसरा घेतो, बहुधा एखादा तरुण आणि अननुभवी. जो दूर नेला जातो तो अनोळखी मुलखात, पिंजऱ्याच्या आणि माणसांच्या गराड्याच्या ताणातून बाहेर पडलेला असतो. आणि तिथेही आधीचे बिबटे असतातच.

२००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बसवून माळशेज घाटात सोडण्यात आले. 'आजोबा' हे त्याचे नाव पुढे प्रसिद्ध झाले. त्याच नावाचा मराठी चित्रपट २०१४ मध्ये आला. हा आजोबा माळशेजच्या जंगलात थांबला नाही. महामार्ग, रेल्वेमार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईजवळच्या वनक्षेत्रापर्यंत पोहोचला आणि या प्रवासात त्याने कोणा माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. आपण ठरवून दिलेला 'अधिवास' त्याने मानला नाही, एवढे तरी यातून दिसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. शहरातल्या प्राध्यापकाने सहजीवनाचे गोडवे गावेत आणि शेतकऱ्याने लेकरू गमवावे, हा कुठला न्याय? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन जीव गेले; त्यांत दोन मुले होती. त्या गावाने रस्ता अडवला, यात नवल नाही. माणसांवर सातत्याने हल्ला करणारे जनावर कायमचे हटवावे लागते. कायद्यातही त्याची तरतूद आहे आणि त्याबद्दल गावकऱ्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण हल्लेखोर बिबट्याचा बंदोबस्त करणे वेगळे आणि दिसेल तो बिबट्या उचलून अन्यत्र नेणे वेगळे. दुसऱ्या उपायाने संतापाला तात्पुरते उत्तर मिळते. धोका मात्र वाढतो, हे एकदा सिद्ध झाले आहे.

गावकऱ्यांच्या मागण्या नीट ऐकल्या तर त्यांत या नकाशापेक्षा अधिक शहाणपण आढळते. शेतीपंपाला दिवसा वीज द्या, म्हणजे रात्री पाणी धरायला उसात जावे लागणार नाही. बंदिस्त गोठे, घराजवळ दिवे, वेळेवर भरपाई. या मागण्या नीरस आहेत, त्यांची छायाचित्रे होत नाहीत. पिंजऱ्याचे होते.

मराठीत 'सोडणे' याचा अर्थ मुक्त करणे असाही होतो आणि वाऱ्यावर टाकणे असाही. बिबट्याला 'सुखरूप सोडले' असे वाचताना, दुसऱ्या अर्थाने आपण कोणाला सोडले, हे विचारण्याची सवय निदान भाषा शिकवणाऱ्यांनी तरी लावून घ्यावी.