ऊन तुमचं, अंधार आमचा

एडिंबरात डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि पावणेचारच्या आसपास मावळतो. आमचं ऑफिस नऊ ते पाच. म्हणजे दिवसाचा सगळा उजेड साहेबाच्या खात्यात जमा, आणि जाता-येता आमच्या वाट्याला काळोख. यावर व्यवस्थापनाने उपाय काढलाय: भर दुपारी पडदे ओढून ऑनलाइन ध्यानवर्ग. डोळे मिटा आणि सूर्यप्रकाशाची कल्पना करा, म्हणे. अहो, तो खिडकीबाहेर आहे की!

हिवाळी नैराश्य हे मनाचे चोचले नव्हेत. जोहान्सबर्गहून अमेरिकेत आलेले डॉ. नॉर्मन रोझेन्थाल तिथल्या हिवाळ्यात स्वतःच मरगळायला लागले. पुढे १९८४ साली सहकाऱ्यांसह त्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. झोप पुरत नाही, भात-पाव-गोडाची हाव सुटते, माणसं नकोशी होतात, आणि वसंतात सारं निवळतं. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यापुढे बसणं हा त्यावरचा एक जुना उपचार. आमच्या टेबलावर ५०० लक्स पडले तरी नशीब. सरकारी आरोग्यसेवा हा दिवा सहसा देत नाही, तो पदरमोड करून आणायचा. दिव्याने भागलं नाही तर समुपदेशन आहे, गोळ्या आहेत. पण डॉक्टरकडे जायलाही दिवसाउजेडी रजा लागते.

आपली मंडळी तर साहेबाहून थोर. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवत विचारतात, ‘पुण्यात काय थंडी नसते?’ असते ना. पण तिथे डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो आणि थंडी वाजली की माणूस गच्चीत कोवळं ऊन खात बसतो. इथे खायला कपकेक मिळतात, जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी. हा म्हणे वर्षातला सर्वांत उदास दिवस! ते ‘गणित’ २००५ साली सहली खपवण्यासाठी केलेल्या जाहिरातबाजीतून आलं. जाहिरात कधीच संपली, आमच्याकडे केक अजून येतोय.

केक ठेवा तुमच्याकडेच. हिवाळाभर बारा ते एक मीटिंगा लावू नका, माणसं बाहेर सोडा. सकाळी कुणी अर्धा तास उशिरा आलं तर कपाळाला आठ्या घालू नका. दिव्याचे पैसे भरा. हे सगळं मी ‘वेलनेस’वाल्यांना लेखी कळवलं. उत्तरही तत्परतेने आलं: सूचना स्तुत्य आहे, एप्रिलच्या बैठकीत विचार करू.