आधी मोजा, मग एसी घ्या

आष्टीत नव्या घराचा स्लॅब पडला की एसीची चौकशी सुरू होते. घर कशाने तापते, वीज कोण खाते, हे मोजतो कोण? एका युनिटला मीटरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो, ते मीटरवरच छापलेले असते. समजा ३२०० आहे. बाकी सर्व बंद ठेवून एकच पंखा लावला आणि १५ मिनिटांत दिवा ६० वेळा लुकलुकला, तर तो ७५ वॅटचा. रोज १२ तास चालल्यास महिन्याला २७ युनिट! ३० वॅटचा बीएलडीसी पंखा ११ युनिटांत भागवतो. १०० युनिटांपुढे दर चढतो, हे ध्यानात घ्यावे. इस्राफवरचे बयान आपण जुम्याला ऐकतो, मीटरपाशी विसरतो.

रात्री दहाला थर्मामीटर घरात आणि अंगणात ठेवून पाहावा. आतला पारा बराच वर असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता सोडतो आहे. तेथे आधी गच्चीला चुना द्यावा. दुकानदार हे सांगणार नाही. त्याला एसी विकायचा आहे.

आमच्या वायरमन तरुणांनी ही मोजणी रीतसर फी घेऊन करून द्यावी. पॉइंटमागे मजुरी घर बांधताना एकदाच मिळते. मोजणीचे काम जुन्या घरांतही आहे.