माशांचे पर आणि आपली कात्री

मुक्या प्राण्यावर प्रेम करणें सोपें आहे. परंतु आपल्या प्रेमाचा भार त्या प्राण्यालाच सोसावा लागत नाहीं ना, हें पाहणें तितकें सोपें नाहीं. पुष्कळ घरांतून काचेच्या टाकींत रंगीत मासे पाळण्याची हौस दिसून येते. ही हौस निर्दोष तर आहेच, शिवाय निरीक्षणशक्तीला पोषकही आहे. परंतु या हौसेच्या जगांत एक प्रघात असा आहे कीं, त्याचा विचार प्रत्येक सुज्ञ मुलानें व पालकानें करावा. तो म्हणजे, मासा सुंदर दिसावा म्हणून त्याचे पर कात्रीनें छाटणें.

कित्येकांची समजूत असते कीं, पर छाटणें म्हणजे नखें अगर केस कापण्यासारखेंच आहे. ही समजूत चुकीची आहे. केसाचा बाहेर आलेला भाग निर्जीव असतो. पर हा सजीव अवयव आहे. बारीक, ताठ काड्यांवर पातळ त्वचा ताणलेली असते आणि तींत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात. शेपटीच्या पराच्या जोरावर मासा पुढें जातो, पाठीवरच्या व पोटाखालच्या परांनीं तोल सांभाळतो, आणि छातीजवळच्या परांनीं वळतो व थांबतो. ज्यांना आपण दागिने समजतों ते त्याचे हातपाय आहेत.

यावर कोणी म्हणेल, “कापलेला पर पुन्हां वाढतो, मग बिघडलें कोठें?” पर पुन्हां वाढतो हें खरें. आपल्याकडील गंगेच्या खोऱ्यांत आढळणाऱ्या झेब्रा माशाच्या शेपटीचा कापलेला पर सुमारें दोन आठवड्यांत बराचसा भरून येतो, व म्हणूनच शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करितात. परंतु भरून येणारी जखम ही जखमच होय. आपला फुटलेला गुडघाही भरून येतो. म्हणून कोणी तो मुद्दाम फोडून घेत नाहीं. माशाला वेदना होतात काय, याविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे. तथापि २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशांवर प्रयोग केले. इजा ओळखणारे मज्जातंतु त्यांना माशांच्या डोक्यांत आढळले. ज्यांच्या ओठांत आम्ल टोंचलें होतें ते मासे ओठ वाळूखड्यांवर घासूं लागले, व पुन्हां अन्न घेण्यास त्यांना इतरांपेक्षां पुष्कळ अधिक वेळ लागला. वाद मिटेपर्यंत संशयाचा फायदा कात्रीला द्यावयाचा कीं माशाला, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

सर्वांत दुःखद उदाहरण ‘हार्ट पॅरट’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या माशाचें आहे. ‘ब्लड पॅरट’ हा मनुष्यानें संकरानें निर्माण केलेला मासा. त्याच्या लहानपणींच त्याची शेपटी मुळापासून कापतात. मग उरलेलें अंग बदामाच्या आकाराचें दिसतें. मूळच गेल्यामुळें ती शेपटी पुन्हां येत नाहीं, आणि तो जीव जन्मभर वेडावांकडा पोहत राहतो. प्रेमाचें चिन्ह म्हणून जें भेट दिलें जातें, तें असें तयार होतें! मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

मग कात्री सदैव निषिद्धच समजावी काय? असेंही नाहीं. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मत्स्यबीजकेंद्रांत वाढविलेल्या लक्षावधि सॅमन पिलांचा पाठीमागील छोटासा मांसल पर कापतात. त्या खुणेमुळें कोळ्यांना केंद्रांतील मासा ओळखतां येतो, आणि रानटी मासा पाण्यांत परत सोडतां येतो. येथें हेतु जातीच्या रक्षणाचा आहे. तरीही जो पर दीर्घकाळ निरुपयोगी मानला जात असे, तो काढल्यावर लहान स्टीलहेड माशांना शेपटी अधिक जोरानें हलवावी लागते, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें. चांगल्या हेतूचीही किंमत कोणीतरी देतच असतो.

दुसरें उदाहरण थायलंडमधील लढाऊ माशाचें. ‘हाफमून’ जातीच्या या माशाची शेपटी पसरली म्हणजे अर्धवर्तुळाएवढी होते. तिचें ओझें वाहतांना तो थकतो, आणि कधीं कधीं स्वतःच ती कुरतडतो. अशा वेळीं थोडी छाटणी म्हणजे दयाच, असें वाटेल. परंतु हें ओझें त्याच्यावर लादलें कोणीं? मनुष्यानेंच पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक लांब परांचे मासे निवडले. प्रथम हौसेनें लांबवावें आणि मग दयेनें कापावें, यापेक्षां बेताच्या परांचा मासा आणणें हीच खरी दया होय.

रोगाचीही गोष्ट तशीच. पर कुजूं लागले कीं ‘कुजकें तेवढें कापून टाका’ असा सल्ला मिळतो. परंतु पुष्कळदां दोष पाण्यांत असतो. लहान टाकींत फार मासे भरले व उरलेलें अन्न सडलें, म्हणजे अमोनिया वाढतो, मासा अशक्त होतो आणि जंतु परांवर हल्ला करितात. पाणी बदलल्याविना पर कापणें म्हणजे गळकें छप्पर तसेंच ठेवून जमीन पुसत बसणें होय. खरोखरच कापण्याची वेळ आली, तर गुंगीचें औषध देऊन तें काम पशुवैद्यानें करावें. औषधाची मात्रा चुकली तर मासा दगावतो.

म्हणून आमचें मत असें कीं, कात्री उचलण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: हें कोणाच्या हिताकरितां? माशाच्या हिताकरितां असेल, तर जाणत्याच्या हातून व्हावें. केवळ आपल्या डोळ्यांच्या सुखाकरितां असेल, तर मुळींच होऊं नये. आपल्या देशाच्या १९६० सालच्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यांत मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव ‘प्राणी’ या शब्दांत येतो. मासा त्यांतून वगळलेला नाहीं.

पालकांनाही एक विनंति. दुकानांत शेपूट कापलेला मासा दिसला, तर दया येऊनही तो विकत घेऊं नका. कारण एक विकला गेला कीं त्याच्या जागीं दुसरा कापला जातो. गिऱ्हाईक नाहींसें झालें, म्हणजे ती कात्री आपोआप खालीं ठेवली जाईल. आणि मुलांनो, टाकीपुढें बसाल तेव्हां मासा कसा दिसतो एवढेंच न पाहतां तो कसा पोहतो, हें पाहण्याची संवय लावून घ्या.