फोटो बघून बैल घेत नाही, मग खोली कशी घेता?



उसाचे बिल खात्यावर आले, सोसायटीचे कर्ज वळते होऊन चार पैसे हाताशी राहिले आणि पोरांच्या परीक्षा उरकल्या, की आपल्याकडे घरोघरी एकच विषय निघतो. यंदा समुद्राला जायचं! जरूर जावे. वर्षभर पाण्याच्या पाळ्या आणि दोन वेळच्या धारा यांत अडकलेल्या माणसाला, आणि त्याच्याहून जास्त घरच्या बाईमाणसाला, दोन दिवस दुसऱ्याच्या हातचा चहा मिळाला तर त्याला कुणी उधळपट्टी म्हणू नये. गगनबावडा, फोंडा नाहीतर आंबोली, कुठलाही घाट उतरला की अर्ध्या दिवसात मालवण, तारकर्ली, देवबाग. आमची तक्रार जाण्याबद्दल नाही, खोली ठरवण्याच्या रीतीबद्दल आहे.

पेठ वडगावच्या बाजारात बैल घ्यायचा तर आपण काय करतो? दात बघतो, अंगावरून खुरापर्यंत हात फिरवतो, चालवून बघतो, मारका आहे का विचारतो आणि मगच इसार देतो. तोच माणूस समुद्राकाठची खोली मात्र मोबाईलवरचे चार फोटो बघून ठरवतो आणि समोरच्याचे नाव-गाव न विचारता हजारो रुपये पाठवून मोकळा होतो. करवीर तालुक्यातल्या तीन कुटुंबांची हकीकत आमच्या कानावर आली. बारा माणसे, त्यात दोन म्हातारी. ‘समुद्र दोन मिनिटांवर’ असे वाचून पूर्ण पैसे भरले. पोचल्यावर कळले, ती दोन मिनिटे मोटारसायकलवरची. खोल्या वरच्या मजल्यावर, जिना लोखंडी आणि अरुंद. गुडघेदुखीमुळे आजीला चढताच येईना, तिने दोन रात्री खालच्या पडवीत काढल्या. बारा जणांत संडास एक. आता यात खोटे कुणी काही बोलले नव्हते. यांनी विचारले नाही, त्याने सांगितले नाही.

समुद्राकाठी राहायच्या सोयी साधारण तीन तऱ्हेच्या. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासे तारकर्ली आणि गणपतीपुळ्याला आहेत. ती हंगामात लवकर भरतात, आणि आरक्षण थेट महामंडळाकडेच करावे, कारण मोठ्या नावाच्या बनावट साइट काढून पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. दुसरी तऱ्हा गोव्यातल्या फ्लॅटची. कळंगुट, कांदोळी भागात इमारतीतले फ्लॅट दिवसाच्या भाड्याने मिळतात, आणि आपल्याकडची तरणी पोरं तिकडे जास्त जातात. मालक राहतो कुठेतरी लांब, किल्ली वॉचमनकडे. रात्री पाणी गेले तर हाक कुणाला मारणार? गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी केली पाहिजे, असा १९८२ चा कायदा आहे. तो नोंदणी क्रमांक मागा. द्यायला कां-कूं करत असेल तर दुसरा फ्लॅट बघा.

तिसरी सोय गावकऱ्यांच्या राहत्या घरातली. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, महामंडळाने न्याहारी-निवास योजना आणली आणि माडाच्या बागेतल्या चिऱ्याच्या घरांना एक-दोन खोल्या जोडल्या गेल्या. बायका-पोरं, म्हातारी माणसे घेऊन जाणार असाल तर आमचे मत या घरांच्या बाजूने आहे. मालक तिथेच झोपतो, त्याची आई आपल्या आईशी बोलते, आणि दिलेला पैसा एका कष्टकऱ्याच्या घरातून दुसऱ्या कष्टकऱ्याच्या घरात जातो. त्यालाही नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये.

फोन केल्यावर आधी माणसे किती, पोरे किती, हे खरे सांगा. आठ सांगून बारा नेणे ही आपली खोड आहे, ती मोडली पाहिजे. मग विचारा : खोली तळमजल्यावर आहे का, संडास-न्हाणीघर किती, समुद्र पायी किती लांब, गाडी कुठे लागणार, वीज गेली तर काय सोय, जेवण ताटावर की माणशी ठरवून, आणि माशाचा दर त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे की आधीच ठरलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा त्या दिवसांत ताज्या सुरमईची फार आशा धरू नका. आपले तांबड्या-पांढऱ्याचे पातेले मांडू देणार का, तेही आधी विचारा. काही घरे चूल देतात, काही देत नाहीत, आणि दारात जाऊन त्यावरून हुज्जत घालण्यात शोभा नाही.

मग व्हिडिओ कॉल करा आणि गेटापासून न्हाणीघरापर्यंत चालत दाखवायला सांगा. खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो. इसार थोडा द्या, बाकी पोचल्यावर. तारीख, खोल्या, एकूण रक्कम आणि रद्द झाल्यास किती परत, एवढे मेसेजवर लिहून घ्या. ‘पैसे परत देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका,’ असे कुणी म्हणाला की समजावे, हा चोर आहे. पैसे यायला पिन लागत नाही. फसलाच तर लाजत घरी बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. पहिल्या तास-दोन तासांत तक्रार गेली तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. छोट्या घराने बिलात जीएसटी लावला तर क्रमांक मागा. ज्याची नोंदणीच नाही, त्याला तो कर घेता येत नाही.

आता पाण्याचे, कारण ते आमच्या खात्याचे. आपण पंचगंगेच्या काठची माणसे, नळ सोडून दात घासणारी. देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. अशा ठिकाणी वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी धरलेले असते. म्हणजे उपशाने पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी चाळीस फूट वर यायला बघते. मे महिन्यात एकेका घरात दहा-दहा पाहुणे दिवसातून दोनदा आंघोळ करू लागले आणि पंप चालूच राहिला, की विहीर मचूळ व्हायला लागते. तेच पाणी माडांना, तेच घरच्या लोकांना प्यायला. जमीन क्षारपड झाली की काय होते, हे शिरोळकरांना सांगायला नको. तेव्हा पिण्याचे पाणी कुठले, हे आपल्या सोयीसाठी विचारा आणि वापराचे पाणी त्यांच्या सोयीसाठी बेतानं वापरा. समुद्रातून आल्यावर सगळ्यांनी एकेक बादली घेतली तरी खार निघतो.

राहत्या मालकाचे घर घ्या म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते सगळ्यात मोठे आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी भूतनाथच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठ जण बुडाले. २४ मे २०२२ ला तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. आपली पोरं विहिरीत वरून सूर मारतात, त्यांना वाटतं आपण पट्टीचे पोहणारे. विहिरीचे पाणी ओढत नाही, समुद्राचे ओढते. भरती-ओहोटी केव्हा, कुठल्या खडकाजवळ पाणी फिरते, हे त्या घरातला म्हातारा पोथी वाचल्यासारखं सांगतो. कर्लीच्या मुखाकडे उतरू नका म्हणाला तर उतरू नका. ओढीत सापडलाच तर काठाकडे सरळ झुंजू नये, दम संपतो. काठाला समांतर आडवे पोहत ओढीबाहेर निघावे, मग किनाऱ्याकडे वळावे. बोटीत बसायचे तर आधी लाइफ जॅकेट अंगात, मग फोटो. पावसाळ्यात, २६ मे ते ३१ ऑगस्ट, जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी बंद असते. त्या काळात भाडे कमी पडते, पण पाण्यात उतरवायला कुणी तयार झाला तर तो आपला हितचिंतक नव्हे. आणि दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्याला सोबत्यांनीच धरून आणावे, मग तो भावकीतला असो नाहीतर चेअरमन असो.

जाता जाता सरपंच, ग्रामपंचायतीची मंडळी आणि राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळ्याकडच्या शेतकऱ्यांशी दोन शब्द. मालवणच्या घरात राहाल तेव्हा जरा डोळे उघडे ठेवून राहा. चादर रोज बदलतात का, सांडपाणी माडाच्या आळ्यात कसे सोडलेय, कचरा कुठे जातो, दर कुठे लिहिलेत. दाजीपूरचे जंगल आणि गवे बघायला येणारा माणूस आपल्याकडेही राहायला घर शोधतो, आणि तो हेच सगळे प्रश्न विचारणार आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, त्याखाली शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. ज्यांच्या घरात जादा खोली, दारात पाणी आणि पाहुण्याशी गोड बोलणारे माणूस आहे, त्यांनी सात-बारा घेऊन चौकशीला लागावे. पहिल्या वर्षी एकच खोली काढा. संडास मात्र आधी बांधा.